उन्हाळ्यात घरी बिअर आंबवताना तापमान कसं सांभाळता?

सातू (ह्यूस्टन)

मंडळी, मे उजाडला की इथल्या ओळखीतल्या निम्म्या होमब्रूअर लोकांची भांडी गॅरेजच्या फळीवर चढतात. दुपारी ३४-३५ अंश, रात्रीही २४-२५ च्या खाली जात नाही, वर हवा दमट. "आता ऑक्टोबरात बघू" हे ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. उन्हाळ्यातही उत्तम बिअर होते आणि त्यासाठी फार पैसे ओतावे लागत नाहीत. फक्त आपण कोणाचं तापमान सांभाळतोय हे नीट कळायला हवं. म्हणून हा धागा काढतोय. तुमच्या गावच्या हवेत तुम्ही काय करता तेही लिहा.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या संघीय कायद्यापासून मुभा आहे. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. इतर देशांत आणि राज्यांत नियम वेगळे आहेत, आपापले बघून घ्या.

आता मुद्दा. यीस्टच्या पुडीवर "१८ ते २२ अंश" असं लिहिलेलं असतं आणि लोक भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघून म्हणतात, घरात २३ आहे, एखाद्या अंशानं काय होतंय! पण पुडीवरचा आकडा बिअरचा आहे, खोलीचा नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. फेस जोरात वर आलेला असताना फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा सहज ३ ते ५ अंश जास्त गरम असते. म्हणजे २३ अंशांच्या खोलीत तुमचं यीस्ट २६-२८ मध्ये काम करत असतं. तिथून पुढे केळ्याचा वास, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, घशाला जळजळ, आणि दोन ग्लासांत डोकं धरणारी बिअर.

दुसरी गोष्ट, हे सगळे वास येतात ते मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत, यीस्टची संख्या झपाट्यानं वाढत असते तेव्हा. त्यामुळे दोन आठवडे जिवाचा आटापिटा करायची गरज नाही. पहिले ७२ तास बिअर १८-२० वर ठेवा. फेस बसायला लागला की हळूहळू २१-२२ वर जाऊ द्या, उलट ते चांगलंच. शेवटची साफसफाई यीस्ट थोड्या उबेत जास्त नीट करतं.

तिसरी गोष्ट सुरुवातीची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. यीस्ट टाकताना वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा उकळलेला गोड काढा, किती थंड आहे? इथे जुलैत नळाचं पाणीच २८-३० अंशांचं येतं. वर्टमध्ये तांब्याच्या नळीची गुंडाळी घालून तिच्यातून कितीही वेळ पाणी सोडलं तरी वर्ट ३१-३२ च्या खाली उतरत नाही. लोक कंटाळतात, "रात्रीत होईल थंड" म्हणून त्यातच यीस्ट टाकतात. झालं! यीस्टची वाढ सुरू होते ती नेमकी सगळ्यात वाईट तापमानाला, आणि सकाळी तुम्ही २० वर आणलंत तरी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मी असं करतो. नळाच्या पाण्यानं ३५-३६ पर्यंत आणायचं. मग बादलीत पाणी आणि भरपूर बर्फ घालून, छोट्या पाणबुडी पंपानं तेच पाणी गुंडाळीतून फिरवायचं. बर्फ सुरुवातीपासून वापरू नका. उकळत्या वर्टवर बर्फ घालवणं म्हणजे बर्फ फुकट. तरीही १८ गाठलं नाही तर फर्मेंटरमध्ये भरून, झाकून, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा आणि यीस्ट सकाळी टाका. भांडी नीट निर्जंतुक केलेली असतील तर दहा-बारा तास थांबण्यात काही बिघडत नाही. गरम वर्टमध्ये घाई करण्यापेक्षा थंड वर्टमध्ये उशीर केव्हाही बरा.

आणि टाकताना लक्ष्यापेक्षा अंश-दोन अंश खालीच टाका. १७-१८ ला टाकून १९-२० ला चढू द्या. चढतं तापमान यीस्टला मानवतं, उतरतं मानवत नाही.

थंड ठेवायचं कसं, ते प्रत्येकाच्या घरावर आणि हवेवर आहे. लिहा.

संत्रानगरी (फिनिक्स)

मस्त विषय! आमच्याकडे जूनमध्ये ४३ म्हणजे "आज जरा बरं आहे" असं म्हणायचं. पण हवा कोरडी ठाक. माझा उपाय साधा आहे. मोठा घमेल्यासारखा प्लास्टिकचा टब, त्यात वीतभर पाणी, त्यात फर्मेंटर, फर्मेंटरला जुना सुती टीशर्ट असा घालायचा की खालची कड पाण्यात बुडेल, आणि समोर टेबलफॅन. कापड पाणी वर ओढतं, वारा ते उडवतो, बिअर थंड. घरात २६ असलं तरी आत १९-२० मिळतं. खर्च जवळजवळ शून्य.

नागपूरला वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर पाहतच मोठे झालो आपण.

सातू (ह्यूस्टन)

संत्रानगरी, तुमच्याकडे हे चालतं कारण तुमच्याकडे नागपूरची हवा आहे. माझ्याकडे मुंबईची. दादरला कूलर लावून कोणाला थंड वाटलं आहे का! पाणी उडून जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल याला हवेतल्या दमटपणाची मर्यादा असते, ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ती. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा १९ च्या आसपास येते. ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर २८. माझ्या गॅरेजमध्ये पंखा लावून टीशर्ट नुसताच कुबट होतो.

पण एक लक्षात घ्या. एसी हवा कोरडीही करतो. घरात २५ अंश आणि ५० टक्के असेल तर मर्यादा १८ वर येते. म्हणजे ह्यूस्टनमध्येही घराच्या आत, एसीच्या खोलीत, टब-टीशर्ट-पंखा चालतो. मर्यादेपर्यंत कधीच पूर्ण पोचत नाही, आणि आतून यीस्टची उष्णता येतच असते, म्हणून टबात एखाददुसरी गोठवलेली बाटली लागते. गॅरेजमध्ये मात्र नाद सोडा.

रसायनी (न्यू जर्सी)

मूळ धाग्याला पूर्ण अनुमोदन. थोडं गणित देते, म्हणजे बर्फ किती लागेल याचा अंदाज येईल.

२० लिटर वर्ट, सुरुवातीची घनता (पाण्याची १ मानून) १.०५० धरू. त्यात साधारण २.६ किलो विरघळलेला अर्क (मुख्यतः साखर) असतो, त्यातला सुमारे १.७ किलो यीस्ट खरोखर खर्च करतं. किलोमागे ५८५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते, म्हणजे एकूण हजार किलोज्यूल. २० लिटर पाणी एक अंशानं तापायला ८४ किलोज्यूल लागतात. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर बिअर स्वतःच्या जोरावर १२ अंश चढेल! प्रत्यक्षात ती भांड्याच्या भिंतींतून जात राहते म्हणून सातू म्हणतात तसे ३ ते ५ अंश दिसतात. मोठं भांडं, जाड द्रावण, जोरकस यीस्ट असेल तर जास्त.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. २० लिटर बिअर आणि टबात २० लिटर पाणी, म्हणजे ४० लिटर. एका किलोला ते सगळं मिळून २ अंश उतरतं. सोड्याच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून टाकलंत तर साधारण ४ अंश. (बाटली काठोकाठ भरू नका, फुटते.) यीस्टची सगळी उष्णता काढायला एकूण तीनच किलो बर्फ पुरतो. बाकीचा सगळा बर्फ तुम्ही खोलीशी भांडण्यात खर्च करता. म्हणून टबाभोवती जुनं ब्लँकेट किंवा थर्माकोल लावणं हे आणखी बाटल्या गोठवण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

टबातल्या पाण्याचा दुसरा फायदा लोक विसरतात. नुसत्या हवेत ठेवलेला फर्मेंटर एसी बंद-चालू झाला की हलतो. ४० लिटर पाणी इतकं पटकन हलत नाही.

वासांबद्दल: यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो, तो ते वर्टमधल्या अमिनो आम्लांतून काढून घेतं. उरलेला सांगाडा जड अल्कोहोलांत बदलून बाहेर टाकतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिख यांनी १९०७ मध्ये हा मार्ग उलगडला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. गरमीत वाढ वेगानं होते, म्हणून हे जड अल्कोहोल जास्त. त्यातल्याच एकापासून पुढे केळ्याच्या वासाचं एस्टर हे रसायन बनतं. तापमानाइतकंच महत्त्वाचं म्हणजे यीस्ट पुरेसं टाकणं. कमी यीस्ट आणि वर गरमी हा सगळ्यात वाईट जोड आहे. २० लिटरला ११ ग्रॅमची कोरडी पुडी पूर्ण टाका, अर्धी ठेवून देऊ नका.

दख्खनी (डॅलस)

योग्य वेळी धागा सापडला. काल संध्याकाळी अमेरिकन पेल एल (एल म्हणजे उबेत आंबणारी बिअर) केली आहे, यूएस-०५ यीस्ट. रात्री २२ ला टाकलं होतं. आज ऑफिसातून आलो तर फर्मेंटरवरची पट्टी २८ दाखवतेय आणि फेस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातून) बाहेर येतोय. वरच्या मजल्याचा एसी दिवसा बंद असतो. काचेचा कारबॉय (मोठी बाटली) आहे. बर्फाच्या पाण्यात ठेवू का लगेच?

रसायनी (न्यू जर्सी)

दख्खनी, थांबा! काच एकदम बर्फात नको. कोमट काच आणि बर्फाचं पाणी, तडा जाऊ शकतो, आणि २० किलोचं काचेचं भांडं हातात फुटणं ही गंमत नाही. शिवाय यीस्टलाही धक्का बसेल, ते तळाशी जाऊन बसेल आणि काम अर्धवट राहील.

आधी साध्या नळाच्या पाण्यात ठेवा. तासाभरानं एक गोठवलेली बाटली, काचेला टेकणार नाही अशी. रात्रभरात २२-२३ वर आलं तरी पुष्कळ. १८ चा हट्ट आता धरू नका. एअरलॉक काढून जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या भांड्यात बुडवा, म्हणजे फेसाला वाट मिळेल. बंद काचेत दाब साठू देऊ नका.

सातू (ह्यूस्टन)

रसायनी ताईंनी सांगितलं तेच. भर इतकीच की आता पुढे तापमान वर-खाली होऊ देऊ नका. दिवसा २७, रात्री २१ असं झुलण्यापेक्षा सलग २३ कितीतरी चांगलं. आणि ही बिअर घाईनं बाटलीत भरू नका. फेस बसल्यावर आणखी आठवडाभर यीस्टवर राहू द्या. हिरव्या सफरचंदासारखा वास आणि लोण्यासारखा चिकटपणा यीस्ट स्वतःच आवरून घेतं. केळ्याचा वास महिन्या-दोन महिन्यांत थोडा मावळतो. घशाला जळजळ करणारे जड अल्कोहोल मात्र जात नाहीत. ते कितपत झालेत हे चाखल्यावरच कळेल. यूएस-०५ तसं सोशिक यीस्ट आहे, आशा सोडू नका.

जॅकरंडा (ब्रिस्बेन)

नमस्कार. आमच्याकडे उलटा कारभार, डिसेंबर-जानेवारीत घाम. बर्फ, पंप, गुंडाळी हे सगळं वाचून मला प्रश्न पडला, एवढं करायचंच कशाला? ऑस्ट्रेलियात आम्ही पुष्कळ जण वर्ट थंडच करत नाही. उकळत्या वर्टनं जाड एचडीपीई प्लास्टिकचा चौकोनी कॅन काठोकाठ भरायचा, दाबून हवा काढून टाकायची, झाकण घट्ट लावून आडवा करायचा म्हणजे झाकणाची आतली बाजूही गरम वर्टनं निर्जंतुक होते. मग रात्रभर, किंवा चार दिवस, ठेवून द्या. सवडीनं फर्मेंटरमध्ये ओता आणि यीस्ट टाका. पाण्याची नासाडी नाही. आमच्याकडे दुष्काळात नळावर निर्बंध असायचे, तेव्हा हीच पद्धत घरोघरी पोचली. एकच पथ्य: वर्ट तासन्‌तास गरम राहतो, म्हणून शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत टाकायचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) जास्त कडवट होतात. ते उशिरा टाका किंवा थेट कॅनमध्ये टाका.

दुसरं म्हणजे यीस्टच असं घ्या ज्याला उकाडा आवडतो. क्वाइक! पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांतलं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे आणि पुढच्या खेपेला तेच टाकायचे. व्हॉस गावच्या सिगमुंड येर्नेस यांच्या घरचं यीस्ट आज जगभर पुड्यांतून मिळतं. ते लोक ३९-४० अंशांच्या वर्टमध्ये टाकतात. आपल्या नेहमीच्या यीस्टची त्यात वाट लागेल, हे तीन-चार दिवसांत काम संपवतं, वर संत्र्याच्या सालीसारखा सुंदर वास. नॉर्वेचे अभ्यासक लार्स मारियुस गारशोल यांनी हे सगळं गावोगाव फिरून नोंदवलं नसतं तर आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

मी तर उन्हाळ्यात दुसरं काही करतच नाही.

सातू (ह्यूस्टन)

जॅकरंडा, क्वाइकबद्दल मनापासून सहमत. माझ्या गॅरेजचा उकाडा ज्याला हवाहवासा वाटतो असं ते एकच यीस्ट. पण दोन गोष्टी जोडतो.

क्वाइकला उष्णता चालते असं नाही, ती लागते. व्हॉसच्या पुडीवर ३५ ते ४० लिहिलेलं असतं. लोक ते एसीतल्या २२ अंशांच्या खोलीत ठेवतात आणि मग रेंगाळलं म्हणून तक्रार करतात. त्याला उबेतच ठेवा, ब्लँकेट गुंडाळा. हलक्या बिअरमध्ये त्याला पोषण कमी पडतं, म्हणून चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट घाला.

आणि ते सगळ्या बिअरसाठी नाही. व्हॉस घालून पेल एल छान होते. पण कोणाला स्वच्छ, साधी ब्लाँड एल किंवा इंग्लिश बिटर हवी असेल तर संत्र्याचा वास तिथे उपरा वाटतो. हवामानाला शरण जाऊन वर्षभर एकच चव पिणं मला नको आहे. म्हणून १९ अंशांची सोय करायची धडपड.

रसायनी (न्यू जर्सी)

बंद कॅनबद्दल एक सावधगिरी. वर्ट आम्लधर्मी असला तरी इतका नाही की बोटुलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका शून्य मानावा. उकळण्यानं त्याचे बीजाणू मरत नाहीत आणि कॅनमध्ये ऑक्सिजन नसतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यीस्ट टाकाच. महिनोन्‌महिने बाहेर साठवू नका. एकदा यीस्ट कामाला लागलं की आम्लता आणि अल्कोहोल पुढचं बघतात.

जॅकरंडा (ब्रिस्बेन)

मान्य. मी जास्तीत जास्त आठवड्याच्या शेवटापर्यंत थांबते, पण यापुढे दोन दिवसांतच टाकेन.

इझारकाठ (म्युनिक)

तुम्ही सगळे एलबद्दल बोलताय. लागरचा, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरचा, कोणी विचार करत नाही! आणि उन्हाळ्याचा प्रश्न लागरवाल्यांइतका कोणी सोसलेला नाही.

इथे बव्हेरियात १५५३ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यानं हुकूमच काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. उन्हाळ्यातली बिअर बिघडते हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं, पण त्यामागचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मार्चमध्ये जरा जास्त कडक बिअर करून ठेवायची, ती उन्हाळाभर पुरवायची. त्या बिअरचं मेर्त्सन हे नाव मार्चवरूनच. ती थंड राहावी म्हणून नदीकाठच्या उतारावर तळघरं खणली, त्यात हिवाळ्यातला बर्फ भरला, वर रेती पसरली आणि दाट सावलीची चेस्टनटची झाडं लावली. लोक त्या सावलीत येऊन बसू लागले. १८१२ मध्ये राजा पहिला माक्सिमिलियन यानं ब्रूअरना तिथेच बिअर विकायची परवानगी दिली, तेच आजचे बिअरगार्डन. म्हणजे आंबवणीचं तापमान सांभाळायच्या खटपटीतून या शहराची एक आख्खी जीवनपद्धती उभी राहिली आहे. त्या झाडांखाली बसलो की मला हे दर वेळी आठवतं.

पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र बनवलं ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीच्या पाठबळावर. तुमच्या गॅरेजमधल्या फ्रीजचे पूर्वज बिअरसाठी जन्मले आहेत.

आता कामाचं. फ्रीज नसताना लागर करायचीच असेल तर डब्ल्यू-३४/७० हे लागर यीस्ट वापरा. पुस्तकी तापमान ९ ते १५, पण हे यीस्ट १८-१९ लाही आश्चर्यकारक स्वच्छ राहतं. पुष्कळ होमब्रूअर आता असंच करतात. यीस्ट दुप्पट टाका. दाब सहन करणारं भांडं असेल तर सुमारे एक बार दाबाखाली आंबवा, दाबानं एस्टर कमी होतात. साध्या बादलीत किंवा काचेत हा प्रयोग मुळीच करू नका. खरी पिल्सनर १० अंशांलाच होते या मताचा मी आहे, पण उन्हाळ्यात अजिबात न करण्यापेक्षा ही बरी.

सिंहगड रोड (पुणे)

सगळा धागा एका दमात वाचला. बिअरगार्डनचा इतिहास तर अफलातून. पुण्यात एप्रिलमध्ये घरात ३२-३३ असतं. क्वाइक मागवून इथे केली तर जमेल ना?

सातू (ह्यूस्टन)

हवेच्या हिशेबानं जमेल, कायद्याच्या हिशेबानं नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं, स्वतःपुरतं का असेना, गुन्हा आहे. कृपया करू नका, आणि इतरांनीही या धाग्यावर त्यावरच्या पळवाटा सुचवू नयेत.

पण तुम्ही योग्य गावात आहात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि त्यानंतर मायक्रोब्रूअरींची रांगच लागली. गर्दी नसताना, दुपारच्या वेळी जाऊन ब्रूमास्टरना भेटा. टाक्यांच्या दुहेरी भिंतीतून थंड ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) कसं फिरतं, एल आणि व्हीट बिअर वेगवेगळ्या तापमानाला कशा ठेवतात, ते विचारा. आपल्या उकाड्यात सगळ्यात पक्कं तापमान-नियंत्रण कसं करतात ते तिथेच बघायला मिळेल. मी भारतात येतो तेव्हा आवर्जून जातो.

सिंहगड रोड (पुणे)

धन्यवाद. शनिवारीच जातो. व्हीट बिअरला केळ्याचा वास मुद्दाम ठेवतात ना? मग तिथे तो दोष कसा नाही?

रसायनी (न्यू जर्सी)

छान प्रश्न. बव्हेरियन व्हीट बिअरच्या यीस्टकडून केळं आणि लवंग दोन्ही अपेक्षित असतात. साधारणपणे कमी तापमानाला लवंग पुढे येते, जास्त तापमानाला केळं. म्हणजे तिथे तापमान हा मसाल्याचा डबा आहे. दोष तेव्हा, जेव्हा आपण मागितलं नव्हतं आणि आलं.

संत्रानगरी (फिनिक्स)

आमच्याकडे जुलैत पावसाळी दमट हवा सुरू झाली की टीशर्टचं काम ढेपाळतं. म्हणून जुना फ्रीज आणि तापमानाचा कंट्रोलर घ्यायच्या विचारात आहे. सेटिंग काय ठेवता? आणि सेन्सर कुठे लावता? यावर घरी रोज चर्चा झडतात.

सातू (ह्यूस्टन)

सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला, बिअरच्या पातळीच्या मध्यावर, पक्क्या टेपनं. त्याच्यावर बबलरॅपच्या तीन-चार घड्या किंवा स्पंजचा तुकडा, म्हणजे त्याला फ्रीजमधली हवा लागणार नाही, फक्त भांड्याची भिंत लागेल. असं लावलं की आतल्या बिअरपेक्षा फार फरक दाखवत नाही. हवेत लोंबकळता ठेवलात तर हवा १९ होईल आणि बिअर २३ राहील, पुन्हा मूळ दुखणं. शिवाय हवा मिनिटा-मिनिटाला बदलते, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर मरतो.

इंकबर्डसारखा दोन प्लगचा कंट्रोलर घ्या, एक थंड करायला, एक गरम करायला. एलसाठी १९ वर ठेवा, फरक (लक्ष्यापासून किती सरकल्यावर फ्रीज चालू व्हावा तो) अर्धा ते एक अंश, कॉम्प्रेसरची विश्रांती किमान तीन मिनिटं, मी जास्तच ठेवतो. चेस्ट फ्रीझर घेतलात तर तो खूप ताकदवान असतो, बंद झाल्यावरही भिंती थंड टाकत राहतात आणि बिअर लक्ष्याखाली घसरते. तिथे फरक एक अंशाच्या खाली आणू नका. दमट हवेत आत पाणी सुटतं आणि बुरशी येते, म्हणून ओल शोषणारा डबा ठेवा. गरम करायचा प्लग फेकून देऊ नका. सेझाँ ही बेल्जियन बिअर करताना शेवटी २८-३० वर न्यायला किंवा जानेवारीत गॅरेजमध्ये, तोच लागतो.

वापरलेला फ्रीज स्वस्तात मिळतो. घेण्याआधी रात्रभर चालवून, आत पाण्याची बादली ठेवून ती किती थंड होते ते पाहा. आणि फर्मेंटर मोजून जा, आतली फळी आणि कॉम्प्रेसरची पायरी हमखास आडवी येते.

जॅकरंडा (ब्रिस्बेन)

सेझाँचा विषय निघाला म्हणून. बेल्जियमची उन्हाळी बिअर, उबदार तापमानाला आंबवायला अगदी योग्य, अगदी ३० पर्यंत. पण बेल सेझाँसारखी काही यीस्टं इतर यीस्ट सोडून देतात त्या जड साखराही हळूहळू खात राहतात. घनता सलग पाच-सहा दिवस स्थिर दिसल्याशिवाय बाटल्या भरू नका, नाहीतर बाटल्या फुटतात. आणि ती वापरलेली प्लास्टिकची बादली, नळी नीट निर्जंतुक करा, उरलेलं यीस्ट पुढच्या पेल एलमध्ये शिरलं तर तिथेही तेच होईल.

दख्खनी (डॅलस)

सगळ्यांचे आभार. त्या रात्री पाण्याच्या टबात ठेवून सकाळी २३ वर आली, मग तिथेच राहिली. तीन आठवडे होऊन गेले. घनता १.०११ वर थांबली आहे. चव घेतली: किंचित केळं आहे, जळजळ नाही, लोणी नाही. पत्नी म्हणाली, "चांगली आहे, थोडी फळांची वाटते." आता बाटल्या भरायच्या आहेत. बाटल्याही थंड ठेवायच्या का? आणि बाटलीत वायू भरावा म्हणून घालायची साखर मोजताना कॅल्क्युलेटर "बिअरचं तापमान" विचारतो, तिथे २८ घालू की आजचं २२?

रसायनी (न्यू जर्सी)

बाटल्या थंड ठेवू नका. तिथे यीस्टचं काम थोडंसंच असतं, २२-२४ अंशांच्या अंधाऱ्या कपाटात दोन-तीन आठवड्यांत वायू छान भरतो. गाडीत, गच्चीत, गॅरेजमध्ये मात्र नको. ३५ च्या वर बिअर झपाट्यानं शिळी होते, पुठ्ठ्यासारखी चव येते.

साखरेसाठी: फर्मेंटेशन चालू असताना वायू सतत तयार होत असतो, म्हणून पहिल्या दिवसाचे २८ धरायचे नाहीत. जोर ओसरल्यानंतर, म्हणजे नवा वायू बनणं थांबल्यानंतर, बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला पोचली ते धरा. तुमच्या बाबतीत २३. नंतर कोणी फ्रीजमध्ये टाकून थंड केली तरीही आकडा तोच, कारण उडालेला वायू थंडीनं परत येत नाही.

दख्खनी (डॅलस)

२३ घातले. पुढची बॅच टबात आणि एसी चालू ठेवून. वापरलेल्या फ्रीजची जाहिरातही बघून ठेवली आहे, रविवारी फर्मेंटरची उंची मोजून जातोय.